पाटाखालचा ओरखडा

मस्कतमध्ये बहुतेक घरांत फरशीच असते; आमच्या भाड्याच्या घरात मात्र लाकडी जमीन आहे. गेल्या दिवाळीत ओवाळण्यासाठी आईने पाट ओढला आणि वीतभर ओरखडा उठला. "तुमच्या घराची नासाडी केली," म्हणत ती चार दिवस खुर्चीतून हलेना.

खरा दोष पाटाखाली अडकलेल्या वाळूचा. वाळूतले गारगोटीचे कण लाकडावरच्या पॉलिशपेक्षा कितीतरी कठीण. आणि वहिबाच्या वाळवंटात फिरून आलेले बूट तर आमचेच!

मत्रा सूकमधून अक्रोड आणले. आईने गर ओरखड्यावर चोळला, पाच मिनिटांनी मऊ फडक्याने पुसला. तेलामुळे वरवरचे चरे दिसेनासे झाले. खोल भागात लाकडाच्या रंगाचे मेण भरले. आईचा चेहरा खुलला.

आता दाराबाहेर जाड पायपुसणे आहे, पाटाला आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे आहेत. आधी झाडू, मग घट्ट पिळलेले फडके. जमिनीवर पाणी साचू द्यायचे नाही. रांगोळी उंबऱ्याबाहेर. आणि पाट ओढायचा नाही, उचलायचा.

यंदा आई पुन्हा येतेय. पाट तीच मांडणार आहे.