गळतीचे कारण शोधताना

धानाच्या या गोंदिया जिल्ह्यात भातगिरणी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु दातेरी चाकांचे दाते ज्यावर कापता येतात त्या मिलिंग यंत्राशी आपली ओळख कमीच. विद्यालयाच्या कार्यशाळेतील जुन्या मिलिंग यंत्राखाली सतत तेल साचत असे. आम्ही त्यावर लाकडाचा भुसा पसरीत राहिलो आणि वरून नवे तेल भरीत राहिलो. अखेर आयटीआयमध्ये शिकलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मुलांच्या हातून ते काम करवून घेतले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही त्या दिवशी जे शिकलो ते येथे नोंदवीत आहोत.

गिअरबॉक्समधील तेल दात्यांचे घर्षण कमी करते आणि उष्णता वाहून नेते. कालांतराने त्यात धातूचा चुरा मिसळतो व त्याचा कस जातो. तेल बदलण्यापूर्वी यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवावे. कोमट तेल गाळासह सहज बाहेर येते. मग मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावा आणि त्यानंतरच तळाचा ड्रेन प्लग खोलावा. निघालेले तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, धातूचे तुकडे आढळल्यास दाते किंवा बेअरिंग झिजले आहे असे समजावे. आतील भाग धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावा. नवे तेल यंत्राच्या पाटीवर नमूद केलेल्या प्रतीचेच घ्यावे आणि काचेवरील खुणेपर्यंतच भरावे. अधिक भरल्यास फेस होतो व तेल बाहेर येऊ लागते.

थेंब पडतो तेथेच गळती असते असे नाही, कारण तेल ओघळत खाली येते. म्हणून यंत्र बंद असताना बाहेरून कोरडे पुसून सांध्यांवर खडूची भुकटी लावावी. थोडा वेळ चालवून पुन्हा बंद करावे. भुकटी सर्वांत वर जेथे ओली झाली, तेथे उगम. प्लगचा वॉशर, झाकणाचे गॅस्केट आणि शाफ्टचे ऑइल सील या नेहमीच्या जागा. सील बसविताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. आमच्या यंत्रात मात्र हवा जाण्याचे छिद्र धुळीने बुजले होते. आतील तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलीत होता. छिद्र साफ केले, सील बदलले आणि गळती थांबली.

यंत्राला हात लावण्याचा हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, हे त्यामागचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय ठामपणे मांडला. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या.

काढलेले तेल नाल्यात किंवा बोडीत ओतू नये. डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. आता तेलाची पातळी मुलेच तपासतात व वहीत तारखेसह नोंदवितात. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती असे कसब आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस कार्यशाळेला द्यावा, ही विनंती.