टक् न करणारा रिले

मुलांनो, फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून मधूनच 'टक्' असा आवाज येतो. ऐकलाय ना? तो आवाज असतो रिलेचा. रिले म्हणजे विजेनं चालू-बंद होणारं बटण. आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली, की ते लोहचुंबक बनतं आणि लोखंडी पट्टी ओढून घेतं. टक्! वीज जायला वाट मिळाली.

पण पट्टी हलायला वेळ लागतो. फार नाही, सेकंदाचे काही हजारावे भाग. एवढ्याशा वेळानं काय बिघडतं? मोबाइलला विचारा!

भारतात १९९५ साली मोबाइल आले. त्यातल्या जीएसएम फोनची गंमत पाहा. बोलणं पाठवायला आणि आलेलं ऐकायला अँटेना एकच! मग फोन पाळीपाळीनं पाठवतो आणि ऐकतो, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. एक पाळी जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडी जास्त. तासभर गप्पा मारल्या, तर पावणेआठ लाखांहून जास्त पाळ्या! पट्टी हलेपर्यंत पाळी संपूनही जाईल. शिवाय ती झिजेल ते वेगळंच.

म्हणून इथे हलणारा भाग नसलेलं बटण हवं. अशा बटणांना सॉलिड स्टेट म्हणतात. सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या तुकड्याला थोडा विद्युतदाब दिला, की वाट उघडते. काढला, की बंद. टक् नाही, झीज नाही. सॉलिड स्टेट रिलेमध्ये बहुधा एक चिमुकला दिवाही असतो. त्याच्या उजेडानं हा दाब तयार होतो.

झालं तर मग! छे, खरी अडचण पुढेच आहे. वाट बंद असली, तरी वेगवान संदेश थोडा झिरपतोच. कसा? दारावरच्या ताणलेल्या पडद्याला हात टेकवून स्वस्थ उभे राहा. पलीकडे काहीच हलत नाही. आता पडदा भराभर मागेपुढे हलवा. हात पलीकडे गेला नाही, पण हालचाल पोचली! जीएसएमचा संदेश तर सेकंदाला ९० कोटी वेळा मागेपुढे होतो.

हे झिरपणं फोनला महागात पडेल, बरं का. पाठवताना तो २ वॅटपर्यंत जोर लावतो. ऐकायचा संदेश मात्र अतिशय क्षीण. कुजबुज ऐकणाऱ्या कानाशी कुणी कर्णा वाजवला तर?

यावर उपाय काय? सिलिकॉनचा तुकडा लहान केला, की झिरपणं कमी होतं. पण मग उघड्या वाटेतून जातानाही संदेशाला जास्त अडथळा होतो. म्हणून काही ठिकाणी एकामागे एक दोन बटणं लावतात आणि मधून तिसरी वाट काढतात. पहिल्यातून झिरपलेलं पाणी गटारात सोडावं, तसा झिरपलेला संदेश त्या वाटेनं बाजूला जातो.

आता स्टॅबिलायझरचं 'टक्' ऐकलंत, की न वाजणाऱ्या या भावंडाचीही आठवण ठेवा. स्टॅबिलायझर उघडायचा मात्र नाही हं! पडद्याचा प्रयोग तेवढा करून पाहा.