डकारने डकार का सोडलं?

यंबूहून निघून यंबूलाच संपणारी यंदाची डकार रॅली तुम्ही क्रीडापानांवर पाहिली असेल. सौदी अरेबियातलं तिचं हे सातवं वर्ष. ज्या शहराचं नाव ती मिरवते ते सेनेगलमधलं डकार तिथून साडेपाच हजार किलोमीटरहून लांब आहे आणि २००७ नंतर ही शर्यत त्या शहरात कधीच पोचलेली नाही. मोटरस्पोर्टचे चाहते याचं कारण एका दमात सांगतात : अल् कायदाची धमकी आली, २००८ ची शर्यत रद्द झाली, रॅली आफ्रिकेतून निघून गेली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या दोन घडल्या म्हणून तिसरी घडायलाच हवी होती असं नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्या तिसरीबद्दल.

आधी २००८ च्या निर्णयाची बाजू मांडतो, कारण तो निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे. ५ जानेवारीला लिस्बनहून शर्यत सुटायची होती. पाचशेहून अधिक मोटारसायकली, मोटारी आणि ट्रक बेलेम भागात जमले होते. त्यांत मोठ्या कंपन्यांचे संघ थोडे. स्वतःचे पैसे घालून, रजा काढून आलेले हौशी स्पर्धक पुष्कळ. सुटायला एक दिवस उरला असताना, ४ तारखेला, आयोजक अमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशनने शर्यत रद्द झाल्याचं जाहीर केलं. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत भरवणारी कंपनी हीच. पॅरिसहून पहिली रॅली सुटली ती १९७८ च्या अखेरीस. तेव्हापासून असं कधीही घडलं नव्हतं.

त्याआधीचा पंधरवडा वाईट गेला होता. २४ डिसेंबरला मॉरिटानियात, अलेग गावाजवळ, रस्त्याकडेला जेवायला थांबलेल्या एका फ्रेंच कुटुंबावर गोळीबार झाला आणि चौघे मारले गेले. पाठोपाठ देशाच्या उत्तरेकडच्या वाळवंटात लष्कराच्या तुकडीवर हल्ला होऊन सैनिक ठार झाले. अल्जेरियातल्या एका जुन्या सशस्त्र संघटनेने त्याच वर्षी जानेवारीत ‘इस्लामी मगरेबमधील अल् कायदा’ हे नवं नाव घेतलं होतं. संशय तिच्यावर आणि तिच्याशी जोडलेल्या तरुणांवर होता. मग थेट रॅलीच्या नावाने धमक्या आल्या. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांना मॉरिटानियात जाऊ नका असं बजावलं. मॉरिटानियाचं सरकार हजारो जवान मार्गावर उभे करायला तयार होतं, तसं ते जाहीरपणे सांगतही होतं. पॅरिसला ते पुरेसं वाटलं नाही.

मग मॉरिटानिया वगळून शर्यत का नाही घेतली? कारण पंधरापैकी आठ टप्पे त्या एकाच देशात होते. हे एका वर्षात झालेलं नव्हतं. १९९१ साली मालीमध्ये रॅलीसोबतच्या ट्रकवर गोळी झाडली गेली आणि फ्रेंच चालक मेला. १९९९ मध्ये मॉरिटानियात हत्यारबंद टोळीने कितीतरी स्पर्धकांना एकाच वेळी लुटलं. २००४ मध्ये मालीतले टप्पे गळाले, २००७ मध्ये तिंबक्तूची फेरी कापली गेली. एकेक प्रदेश वगळत वगळत शर्यत मॉरिटानियाच्या वाळूत येऊन साचली, आणि २००८ साली तोही देश वर्ज्य ठरल्यावर वळायला दुसरी वाट उरली नाही.

एक वर्ष मात्र वेगळं आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. २००० साली रॅली डकारहून कैरोकडे, पश्चिमेकडून पूर्वेला धावत होती आणि नायजरमध्ये हल्ल्याचा इशारा मिळाला. तेव्हाचे संचालक ह्युबर ओरिओल यांनी अंतोनोव-१२४ जातीची महाकाय मालवाहू विमानं मागवली, नियामेच्या विमानतळावर मोटारी, ट्रक, मोटारसायकली त्यांच्या पोटात भरल्या आणि सगळा कारभार उचलून लिबियातल्या सबहाला नेऊन ठेवला. काही टप्पे बुडाले, पण शर्यत पिरॅमिडपाशी पूर्ण झाली. ओरिओल आदिस अबाबात जन्मलेले. डकार मोटारसायकलवर आणि मोटारीतूनही जिंकणारे पहिले. १९८७ मध्ये दोन्ही घोटे मोडलेले असताना त्या दिवसाचा टप्पा संपवूनच गाडीवरून उतरलेला हा माणूस धोका पाहिला की आधी वाट शोधायचा.

पण विमानाने उडी मारायला पलीकडे सुरक्षित जमीन लागते. २००८ मध्ये ती नव्हती. शिवाय अशा शर्यतीला पहारा देणं किती अवघड असतं याची कल्पना आपल्याला टीव्हीवरून येत नाही. पडद्यावर एकच गाडी दिसते, वर हेलिकॉप्टर, आजूबाजूला रिकामं वाळवंट. प्रत्यक्षात पहाटेपासून मोटारसायकली एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने सुटतात. मग मोटारी, मग ट्रक. पहिला दुचाकीस्वार तळावर पोचून जेवून झोपतो तेव्हा शेवटचे ट्रक अजून कुठल्या तरी टेकडीवर रुतलेले असतात, आणि काहीजणांची रात्र वाळवंटातच जाते. म्हणजे रक्षण करायचं ते ताफ्याचं नाही. शेकडो किलोमीटर लांबीच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या रेषेवर विखुरलेल्या एकेकट्या माणसांचं. सर्व्हिस ट्रक आणि मेकॅनिक दुसऱ्याच रस्त्याने, पुष्कळदा अंधारात धावत असतात. रात्रीचा तळ म्हणजे दोन-तीन हजारांची वस्ती, रोज नव्या गावी. आणि ती गावं कोणती, कोणत्या तारखेला, हे महिनोन्‌महिने आधी जगजाहीर झालेलं असतं.

वेळापत्रक सगळ्यांना ठाऊक असणं ही एरवी बळाची गोष्ट असू शकते. आषाढी वारीचे मुक्काम महाराष्ट्रात घराघरात माहीत असतात. वाटेवरची गावं वारी आपली म्हणून सांभाळतात आणि काही भलतं दिसलं तर पोलिसांच्या आधी ते गावकऱ्यांच्या लक्षात येतं. डकार रॅलीने तीस वर्षांत अशी गावं जोडली नाहीत. तिने विहिरींसाठी, शाळांसाठी देणग्या दिल्या, पण वाटेवरच्या माणसाला शर्यतीत जागा दिली नाही. २००६ मध्ये गिनीत आणि सेनेगलमध्ये दोन मुलं रॅलीच्या वाहनांखाली सापडून मेली. त्या दोन मृत्यूंनंतरही शर्यत पुढे सरकत राहिली. धमकीचं तोंड स्पर्धकांकडे वळलं तेव्हाच ती थांबली, हे आफ्रिकेतल्या माणसांनी पाहिलं आहे आणि ते ती विसरलेली नाहीत.

तरीही पुन्हा सांगतो, ४ जानेवारी २००८ ला ज्यांच्यावर पाचशे स्पर्धकांच्या जिवाची जबाबदारी होती त्यांनी ती नीट पार पाडली. नोंदणीचे पैसे परत दिले. पुढचं वर्षही त्यांच्याच बाजूने साक्ष देतं. फेब्रुवारी २००८ मध्ये नुआकशॉटमध्ये इस्रायली दूतावासावर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना उलथवलं, सप्टेंबरमध्ये उत्तरेत बारा सैनिकांची हत्या झाली. धोका कल्पनेतला नव्हता.

माझा आक्षेप सुरू होतो तो यानंतर. २००९ मध्ये रॅली अर्जेंटिना आणि चिलीत गेली, दक्षिण अमेरिकेत अकरा वर्षं रमली आणि २०२० मध्ये सौदी अरेबियात आली. तिथे ३० डिसेंबर २०२१ रोजी, शर्यत सुटायच्या दोन दिवस आधी, जेद्दाहमध्ये हॉटेलातून निघालेल्या फ्रेंच स्पर्धक फिलिप बुत्रों यांच्या गाडीत स्फोट झाला. त्यांच्या पायांना गंभीर इजा झाली. सौदी अधिकाऱ्यांनी सुरुवातीला घातपाताचा संशय नाही असं सांगितलं. फ्रान्सच्या दहशतवादविरोधी सरकारी वकिलांनी तपास सुरू केल्याचं जाहीर झालं ती तारीख होती ४ जानेवारी २०२२, लिस्बनच्या निर्णयानंतर बरोबर चौदा वर्षांनी. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री जाँ-इव्ह ल द्रियाँ यांनी हा दहशतवादी हल्ला असू शकतो असं जाहीरपणे म्हटलं आणि शर्यत सोडून देण्याचा विचार व्हायला हवा होता असंही सूचित केलं. आयोजकांनी बंदोबस्त वाढवला आणि शर्यत १४ जानेवारीला ठरल्याप्रमाणे संपवली.

म्हणजे एकदा धमकी होती आणि शर्यत थांबली. दुसऱ्यांदा शर्यतीतला माणूस जखमी झाला आणि शर्यत चालू राहिली. आयोजक तेच, इशारा देणारं सरकारही तेच. फरक आहेत, ते मान्य करायला हवेत. सौदी राज्ययंत्रणेचा आपल्या भूमीवरचा वचक मॉरिटानियाला कधीच शक्य नव्हता, आणि स्फोट झाला तेव्हा कारण लगेच स्पष्ट नव्हतं. पण यजमान कोण आहे यावर सुरक्षेचं माप बदलतं, हेही त्यातून दिसतं. गरीब देशाने हजारो जवानांचा शब्द दिला तो तोकडा ठरला. श्रीमंत देशाने वाढीव बंदोबस्ताचा शब्द दिला तो पुरला. दोन्ही वेळी कोणता तरी शब्दच मानायचा होता.

याच्या उलट वागलेला एक माणूस आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो : जाँ-लुई श्लेसर. १९८८ मध्ये मोंझाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत आघाडीवर असलेल्या आयर्टन सेन्नाची एका बदली चालकाच्या विल्यम्सशी टक्कर झाली आणि मॅकलारेनला त्या हंगामातला एकमेव पराभव पत्करावा लागला. तो बदली चालक म्हणजे श्लेसर. बालपण मोरोक्कोत गेलेलं. पुढे त्याने स्वतःच्या कारखान्यात वाळूसाठी बग्गी बांधल्या आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांना मागे टाकून १९९९ आणि २००० ची डकार जिंकली. नायजरमधून विमानाने उचलली गेलेली शर्यत जिंकणारा मोटारचालक तोच. वाळवंट त्याला तळव्याइतकं परिचित होतं, आणि २००८ मध्ये सगळे आफ्रिकेकडे पाठ फिरवत असताना हा तिकडे वळला. त्याने ओरिओल आणि डकारचा जुना जाणकार रने मेत्झ यांना सोबत घेतलं आणि २६ डिसेंबर २००८ ला मार्सेलहून ‘आफ्रिका इको रेस’ सोडली. ११ जानेवारी २००९ ला ती डकारला पोचली. ती सुटली तेव्हा शर्यत रद्द झाल्याला पुरतं वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

ही बेफिकिरी होती का? मला तसं वाटत नाही, आणि कारण वर सांगितलेल्या रेषेतच आहे. पहिल्या आफ्रिका इको रेसमध्ये वाहनं मोजकी होती. मोजक्या वाहनांचा तळ लहान असतो, शेवटचा गडी फार मागे पडत नाही, स्थानिक सुरक्षादलाला सगळ्यांवर नजर ठेवता येते, मार्ग आयत्या वेळी वळवता येतो. श्लेसरने धोका कमी केला तो शर्यतीचा आकार कमी करून. अमोरीला हा उपाय सुचला नसेल असं नाही. पण शेकडो वाहनं, डझनभर हेलिकॉप्टर, जगभर प्रक्षेपण हा ज्या व्यवसायाचा पाया आहे त्याला लहान होणं परवडत नाही. त्यांनी आकार सांभाळला आणि खंड बदलला. नाव मात्र सोबत नेलं.

मागे राहिला मॉरिटानिया. अद्रार प्रांतातलं अटार हे एकेकाळी रॅलीच्या विश्रांतीचं गाव. तिथून शिंगेटीला जाता येतं, जिथे जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत आणि जिथली जुनी वस्ती मशिदीसह जागतिक वारशाच्या यादीत आहे. हिवाळ्यात फ्रान्सहून अटारला थेट चार्टर विमानं यायची. वाटाडे, उंटवाले, खानावळी, गाडीदुरुस्तीवाले त्या चार महिन्यांवर वर्ष काढायचे. विमानं बंद पडली. २००९ मध्ये राजधानीत एका अमेरिकन मदतकार्यकर्त्याचा खून झाला, फ्रेंच दूतावासाबाहेर आत्मघाती स्फोट झाला, किनाऱ्याच्या महामार्गावरून स्पॅनिश मदतकर्मी पळवले गेले. त्यामुळे विमानं बंद ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण २०११ नंतर त्या देशात मोठा हल्ला झालेला नाही. शेजारचा माली जळत असताना मॉरिटानियाने सीमेवर फिरती पथकं बांधली, तुरुंगातल्या तरुणांशी धर्मपंडितांमार्फत संवाद चालवला. फ्रान्सने २०१७ मध्ये अद्रारबद्दलचा इशारा सौम्य केला आणि त्या डिसेंबरात अटारची विमानं पुन्हा सुरू झाली. ज्या खात्याच्या शब्दावर शर्यत थांबली होती त्याच खात्याने शब्द बदलला, तरी २०२० च्या नव्या यजमानाची निवड झाली तेव्हा डकारची गाडी आफ्रिकेकडे वळली नाही.

आपल्याकडे या शर्यतीचं वेड आलं ते रॅली आफ्रिका सोडून गेल्यावर. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा ती दक्षिण अमेरिकेत होती. केरळच्या हरिथ नोआने २०२४ मध्ये रॅली-२ गट जिंकला. मर्चंट नेव्हीतले कॅप्टन आशीष रावराणे २०२१ मध्ये मोटारसायकल घेऊन उतरले, पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डकार क्लासिकमध्ये जुनी लँड क्रूझर घेऊन गेले. संतोषनंतरचे हे तिघेही धावले ते सौदीत. त्यांच्या कष्टाचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. हिरो आणि टीव्हीएस या दोन भारतीय कंपन्यांचं नाव मात्र या शर्यतीत गेली काही वर्षं गाजतं आहे, त्यांच्याकडे गाड्या आहेत, मेकॅनिक आहेत, पैसा आहे. त्यांनी एखादा हंगाम एक गाडी आणि एक रायडर श्लेसरच्या जुन्या वाटेवर पाठवावा. मोरोक्कोतून निघून मॉरिटानिया ओलांडून डकारच्या गुलाबी तळ्याकाठी संपणारी ती शर्यत अजून भरते, आणि तिची नोंदणी भारतीयांसाठीही खुली आहे.