खांदा सैल का सुटत नाही? गिटारचा रियाज आणि सवयीचा विचार

विषय वाचून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा गिटारशी काय संबंध? संबंध आहे. तो ओघात येईलच, आधी प्रश्न नीट मांडू.

आपल्या नाशकात गंगापूर रोड, कॉलेज रोड भागात गिटार शिकणारे पुष्कळ आहेत. त्यात शाळा-कॉलेजातली मुलं आहेत, तशी आमच्यासारखी निवृत्तीनंतर वाद्य हातात घेणारी मंडळीही आहेत. दोघांची तक्रार एकच असते. अर्धा तास वाजवलं की डावा हात भरून येतो, उजवा खांदा कानाकडे चढतो, मान अवघडते. सर सांगतात, "खांदा सैल सोड." शिकणारा सोडतो, आणि पुढच्या कॉर्डला खांदा पुन्हा वर. काही महिन्यांनी गिटार कपाटावर जाऊन बसते, आणि माणूस म्हणतो, आपल्या हातात कलाच नाही. आमच्या मते पुष्कळदा कला कमी नसते, जोर जास्त असतो. 'सैल सोड' एवढ्या आज्ञेने तो का जात नाही, हे आज पाहू.

प्रथम शरीराचा हिशेब. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात असतात, आणि तिथून दोऱ्यांसारखे स्नायुबंध मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणून मनगट फार मुरडलं की बोटांचं काम अवघड होतं. बोट, मनगट, कोपर, खांदा ही एक साखळी आहे. बोटाने गरजेपेक्षा जास्त दाबलं तर त्याचा ताण वर खांद्यापर्यंत जातो.

मग गरज तरी किती? स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या घरात असतो, नायलॉनच्या तारांचा साधारण 40. आकडा ऐकून वाटतं, केवढी ताकद लागत असेल! पण आपल्याला त्या ताणाशी कुस्ती खेळायची नसते. तार फक्त पडद्याला, म्हणजे फ्रेटला, टेकवायची असते. घरी करून बघा. बोट फ्रेटच्या अगदी मागे, तारेवर नुसतं ठेवा आणि तार छेडा. टप्प असा बोथट आवाज येईल. आता दाब हळूहळू वाढवत छेडत राहा. स्वर जिथे स्वच्छ होतो, तिथे थांबा. त्यापुढचा सगळा दाब वाया जातो, उलट फार दाबलं तर स्वर किंचित चढतो. बहुतेकांना आपण याच्या कितीतरी पट दाबत होतो हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

हा जादा जोर येतो कुठून? आपल्या भाषेकडे बघा. कष्ट करायचे तर आपण कंबर कसतो, मूठ आवळतो, दातओठ खातो. प्रयत्न म्हणजे आवळणं, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं आहे. द्वारका चौकातून दुचाकी काढताना, मोबाइलवर वाकून बोटं चालवताना हेच खांदे वर गेलेले असतात. गिटार हातात घेण्याआधीच खांद्याला ही शिकवण मिळालेली असते.

आता तत्त्वज्ञान. जॉन ड्यूई हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू म्हणून आपल्याला माहीत आहेत. 1922 साली प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूमन नेचर अँड कंडक्ट' या ग्रंथात ते सवयीचा विचार करताना उभं राहण्याचं साधं उदाहरण घेतात. वाकडं उभं राहायची सवय असलेल्या माणसाला 'ताठ उभा राहा' म्हटलं, तर तो फार तर वेगळ्या तऱ्हेने वाकडा उभा राहतो. कारण आज्ञा पाळायला त्याच्याजवळ जे साधन आहे, ते म्हणजे तीच जुनी सवय. मराठीत आपण म्हणतो, गोष्ट अंगवळणी पडली. जे अंगाच्या वळणात गेलं, ते नुसत्या इच्छेने निघत नाही.

ड्यूईंना हे उदाहरण एफ. एम. अलेक्झांडर यांच्याकडून सुचलं. अलेक्झांडर 1869 साली टास्मानियात जन्मले. ते रंगमंचावर पठण करायचे आणि त्यांचा आवाज बसायचा. आरशासमोर उभं राहून त्यांनी स्वतःला तपासलं. पठण सुरू करतानाच डोकं मागे ओढलं जायचं, घसा दाबला जायचा, श्वास आवाज करत आत खेचला जायचा. 'हे करायचं नाही' असं ठरवूनही ते व्हायचंच, कारण 'आता म्हणायचं' हा विचार आला की शरीर जुनीच तयारी करून मोकळं व्हायचं. शेवटी त्यांनी त्या विचारापाशीच थांबायचा सराव केला. ड्यूई स्वतः त्यांच्याकडे शिकले आणि त्यांच्या तीन पुस्तकांना त्यांनी प्रस्तावना लिहिल्या.

गिटारवर हे असं करता येईल. आपल्याला छळणारा कॉर्ड, समजा 'एफ', मनात आणा, पण वाजवू नका. खांदा हलला का? श्वास अडकला का? जबडा आवळला का? ताण तिथे सुरू होतो, तारेला बोट लागण्याच्या आधीच. श्वास सोडा आणि दहापैकी पाच वेळा मुद्दाम न वाजवता हात खाली घ्या. उरलेल्या वेळी वाजवा, आणि स्वर निघाला की पंजा लगेच ढिला करा. लय इतकी कमी ठेवा की खांदा चढायच्या आत आपल्याला कळेल. दहा-बारा मिनिटं झाली की वाद्य बाजूला ठेवून उठा.

बैठकही बघा. सोफ्यात रुतून बसू नका, कडक खुर्ची घ्या. गिटार डाव्या मांडीवर घेणार असाल तर डाव्या पायाखाली छोटा पाट ठेवा. लहान चणीच्या मुलाला मोठ्या पेटीची गिटार दिली, तर तिच्यावरून हात टाकताना उजवा खांदा वर जाणारच. तिथे दोष सवयीचा नसतो, मापाचा असतो. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर कारागिराकडून उतरवून घ्या.

आणखी एक गोष्ट, वजनाची. पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवर धातूचा तुकडा सरकवून राग वाजवत. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ती गिटार ऐकायला मिळते. तिथे तार चिमटीत आवळावी लागत नाही, हाताचं वजनच उपयोगी पडतं. उभ्या गिटारवरही हे थोडं साधतं. उजव्या हाताचं वजन पेटीच्या काठावर विसावू द्या, डावं कोपर मोकळं लोंबू द्या. बोटांना मागून त्याची ओढ मिळते आणि अंगठ्याची पकड हलकी होते.

कुणी म्हणेल, ताणाशिवाय वाजवता येतं का? नाही येत. चालताना पायाचा एक स्नायू आवळतो तेव्हा दुसरा सुटतो. वादनातही आवळणं हवंच, फक्त काम झालं की सुटायला हवं. पतंजलींनी आसन म्हणजे काय ते सांगताना स्थैर्य आणि सुख दोन्ही मागितली, आणि लगेच पुढे प्रयत्न शिथिल करण्याचा मार्ग दाखवला. रियाजाच्या बैठकीलाही हे लागू आहे.

शेवटी सावधगिरीचं. नव्या शिकाऊ माणसाची बोटांची टोकं दुखतात. ती कातडी घट्ट होईपर्यंत दुखणारच, त्याची काळजी नको. पण हाताला मुंग्या येणं, बोट बधिर होणं, रात्री खांदा ठणकणं हे वेगळं. त्याला तपश्चर्या समजून मुलं सोसत राहतात आणि पालक कौतुक करतात. तसं करू नका. रियाज थांबवा, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. चार आठवडे वाजवलं नाही म्हणून कुणाची कला जात नाही.

आता प्रश्न घेऊ. कुणी गिटार आणली असेल तर पुढे या, करूनच बघू.