हळदीचा छापील पुरावा

मुलाचा गुडघा फुटला की मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर हळद निघते आणि जखमेवर दाबली जाते. १९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीच्या नेमक्या याच उपयोगाचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक झाले. संस्थेने हरकत घेतली खरी, पण आपल्याला आजीचा शब्द पुरतो, अमेरिकी कायद्याला परदेशातला पुरावा छापील लागायचा. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ चाळून ३२ संदर्भ गोळा झाले. त्यांत भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

दर वेळी एवढी यातायात कोण करणार?

त्यातून २००१ मध्ये ‘टीकेडीएल’ म्हणजे पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले पाठ इथे वनस्पती, तिचा भाग, रोग, कृती अशा संकेतांत मोडले जातात. त्यामुळे एकच श्लोक इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत वाचता येतो. २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालयाचे परीक्षक हे ग्रंथालय पाहू लागले. भारतातल्या सामान्य अभ्यासकाला मात्र दार बंदच होतं; इतरांना प्रवेश देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. हे जरा उशिराच सुचलं म्हणायचं.

सर्वांना खुली असलेली सोय चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेची आहे. तिच्या ‘इम्पॅट’ या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली रसायनं नोंदलेली आहेत. वैद्यकीय शोधनिबंधांसाठी ‘पबमेड’ आहेच.

खरी गोची होते ती शोधचौकटीत नाव टाकताना. ‘ब्राह्मी’ म्हटलं की महाराष्ट्रात अनेकांच्या डोळ्यांसमोर कारिवण्याचं गोलसर, कातरल्या कडेचं पान येतं, म्हणजे सेंटेला एशियाटिका. ग्रंथांतली ब्राह्मी बहुतेक वैद्य मानतात ती बाकोपा मोनिएरी: पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची. एकीत एशियाटिकोसाइड, दुसरीत बॅकोसाइड, कूळही वेगळं. शंखपुष्पीची तर त्याहून कठीण गत: कोणी विष्णुक्रांता दाखवतं, कोणी गोकर्णी. त्यामुळे लॅटिन नाव न तपासता दोन निबंधांची बेरीज करणारा दोन वेगळ्या झाडांचे गुण एकाच्या खाती जमा करतो.

हळदीचंही तसंच. ‘कर्क्युमिन’ टाकलं तर निबंधांचा ढीग पुढे येतो, पण सांगलीच्या बाजारातल्या हळकुंडात कर्क्युमिन शेकडा चार-पाच भागही जेमतेम असतं. शिवाय ते पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. प्रयोगशाळेत ते अनेक चाचण्यांना चकवतं आणि गुण नसतानाही असल्यासारखं दाखवतं, असा इशारा २०१७ मध्ये औषधरसायनाच्या अभ्यासकांनी दिला होता. डब्यातल्या चिमटीबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्या ढिगातले अख्ख्या हळदीवरचे, माणसांवर झालेले निबंध आधी वेगळे काढावे लागतात.