निरोगी मुलाच्या नाकातील जंतू

लसीकरणाच्या दिवशी आपल्या गावच्या अंगणवाडीत जरा वेळ बसा. एखादी आई हमखास म्हणताना ऐकू येईल, "मागं दोनदा सुई टोचली, तरी पोराचं नाक वाहतंच आहे. मग उपयोग काय झाला?" प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. नाही तर ती बाई तिसऱ्या वेळी येणार नाही, आणि तिथेच घात होतो.

साधे पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. न्यूमोनियाची लस त्यासाठी नसतेच. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ज्याचे नाक कोरडे ठणठणीत आहे, जो अंगणात उड्या मारतो आहे, अशा मुलाच्या नाकातही न्यूमोनियाचा जंतू सुखाने राहत असू शकतो. लस टोचल्यावरही राहू शकतो. हे ऐकून दचकू नका.

हा जंतू सापडला तोच मुळी एका धडधाकट माणसाच्या तोंडात. अमेरिकन लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १८८० साली स्वतःची थुंकी सशांना टोचली. ससे मेले, डॉक्टरसाहेब मात्र खुशाल होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना तोच जंतू दिसला, आणि १८८१ साली दोघांचेही शोध प्रसिद्ध झाले. म्हणजे जंतू अंगावर असणे ही एक गोष्ट, आणि रोग होणे ही दुसरी. जंतू बाळगून स्वतः निरोगी राहणाऱ्याला 'वाहक' म्हणतात. लहान मुले ही या जंतूची मोठी वाहक. गरीब देशांतल्या कित्येक पाहण्यांत निम्म्याहून अधिक लहानग्यांच्या नाकात तो मिळाला आहे. तो काही आठवडे वा महिने मुक्काम करतो आणि बहुतेक वेळा काही न करता निघून जातो. क्वचित मात्र तो कानात, फुफ्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो. मग मूल दगावण्याची वेळ येते.

आता लस काय करते ते पाहू. या जंतूच्या अंगावर साखरेसारख्या द्रव्याचे एक कवच असते. कवचांच्या फरकावरून त्याचे शंभरावर प्रकार मोजले आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे शरीर नुसत्या त्या साखरेला नीट ओळखत नाही. म्हणून लस करताना ती एका प्रथिनाला जोडतात. मग बाळाचे रक्त तिला शत्रू म्हणून ओळखते, आणि त्या प्रकाराच्या जंतूला नाकात नव्याने ठाण मांडणेही अवघड होते. पण लसीत निवडक प्रकारच असतात, जे रोग अधिक करतात ते. बाकीच्यांना ती हात लावत नाही.

शेतकऱ्याला हे लवकर उमगेल. बांधावरची हराळी खणून काढली, तर जागा मोकळी राहत नाही. दुसरे काही उगवते. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची लस आली, तेव्हा असेच झाले. त्या सात प्रकारांचे जंतू मुलांच्या नाकांतून हटले, पण त्यांच्या जागी दुसरे आले, आणि जंतू बाळगणाऱ्या मुलांची एकूण संख्या फारशी घटली नाही. मग लस फुकट गेली का? मुळीच नाही. नव्याने आलेले बहुतेक प्रकार तितके घातक नव्हते, त्यामुळे मुलांचा गंभीर आजार पुष्कळ कमी झाला. एक प्रकार मात्र डोईजड झाला, तेव्हा २०१० साली त्यालाही सामावून तेरा प्रकारांची लस निघाली. आणखी एक नवल म्हणजे, ज्यांनी लस घेतलीच नव्हती अशा आजी-आजोबांतही त्या सात प्रकारांचा आजार उतरला. कारण जंतू त्यांच्यापर्यंत नातवंडांकडूनच पोचत होता!

आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ साली काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ साली सर्व देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही दहा प्रकारांवरची लस तयार केली आहे. बाळाला ती सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात टोचतात. नवव्या महिन्याची मात्रा चुकवू नका.

घटसर्पाची तऱ्हा थोडी वेगळी. ती लस जंतूपेक्षा त्याच्या विषावर चालते. लस घेतलेले मूल आजारी पडत नाही, पण जंतू त्याच्या घशात असू शकतो. म्हणून "शेजारच्या पोरांनी घेतली आहे, आमच्याला कशाला?" हा हिशेब इथे अंगाशी येतो.

तेव्हा गुरुजींनी आणि बाईंनी पालकांना तीन गोष्टी सांगाव्यात. एक, निरोगी मुलाच्या नाकातले जंतू मारायला म्हणून दुकानातून गोळ्या आणून देऊ नयेत. त्याने औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. दोन, लसीच्या मात्रा पुऱ्या कराव्यात. तीन, मूल खोकत असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा अधिक, आणि पाच वर्षांच्या आतल्याचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाऊ लागली, तर पोटावर डाग देत बसू नये. लस झालेली असो वा नसो, त्याच पावली दवाखाना गाठावा.