गेलेलं माणूस पत्त्यातून बोलतं का?

रस्त्याकडेला पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीनं चिठ्ठी काढायचा, आठवतं ना? आता पुण्यात चित्रांचे पत्ते आलेत. ‘तुमच्या गेलेल्या माणसाचा निरोप सांगते,’ म्हणत बाई पत्ते पिसते आणि आपल्याला तीन उचलायला लावते. यातला प्रसिद्ध जोड म्हणजे ७८ पत्त्यांचा टॅरो. मुळात हा १५व्या शतकातला इटलीतला खेळ. भविष्य सांगायला तो १८व्या शतकात फ्रान्समध्ये वापरू लागले.

मग सांगितलेलं खरं कसं वाटतं? पत्त्यावर दिवा निघतो. बाई म्हणते, ‘त्यांचं काही बोलायचं राहिलं होतं.’ सांगा, कुणाचं राहत नाही? आपले डोळे भरतात, ‘हो, जमिनीचं,’ असं तोंडून निघतं. पुढचा पत्ता जमिनीवरच बोलतो! निरोप आपणच दिलेला असतो.

रडून मन हलकं झालं, त्यात वावगं नाही. पण ‘आत्मा अडकलाय, पैसे भरा’ किंवा ‘डॉक्टर नको’ असं ऐकलं की उठायचं. अंगात शक्ती असल्याचं सांगून धाक घालणं, भुताच्या नावानं उपचार रोखणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यातच खून झाला.

आठवण दाटून आली तर गटातल्या मैत्रिणीपाशी बसा. तिला पत्तेही लागत नाहीत आणि पैसेही.